हरलं की घरी

निघायच्या आदल्या दिवशी, रविवार

फुटबॉलशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की नववी ‘ब’च्या खिडकीची काच वर्षातून दोनदा फुटते आणि दोन्ही वेळा तास माझा असतो. मी इतिहास शिकवते. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा म्हणजे सोबत बाई लागते आणि आमच्या शाळेत बाया तीन. एकीचं लेकरू सहा महिन्यांचं, दुसरीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उरले मी. क्रीडा शिक्षकांनी ‘महिला व्यवस्थापक’ या रकान्यात माझं नाव आधीच लिहून आणलं होतं, सही तेवढी मागितली.

स्पर्धा सुब्रोतो मुखर्जी चषकाची. शाळांमधे तिला नुसतं ‘सुब्रोतो’ म्हणतात. मुखर्जी हे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांच्या नावानं ही शालेय स्पर्धा १९६० साली सुरू झाली, पण मुलींना तिच्यात पाय ठेवायला २०१२ उजाडलं. सतरा वर्षांखालच्या मुली आधी जिल्ह्याला खेळतात, जिंकल्या तर विभागाला, मग राज्याला, मग देशाला. पद्धत बादफेरीची. मला ती समजावताना सर चारच शब्द बोलले, “मॅडम, हरलं की घरी.”

मी रात्री त्या चार शब्दांचा हिशेब करत बसले. शाळा उघडल्यापासून या मुली रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा धावतात. ज्या संघाचा पहिलाच सामना गेला, त्याचा सगळा हंगाम आमच्याकडच्या वेळेप्रमाणे पंचवीस अधिक पंचवीस मिनिटांत आटोपतो. घटक चाचणीसुद्धा वर्षातून दोनदा असते.

चौदा मुली, नऊ जोड स्टड. जोडे शाळेचे, खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवलेले. मुलींची नावं इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना आवडेल की नाही, सांगता येत नाही. जर्सीचे नंबर पुरे.

सोमवार

आमचा फाटा लोणार तालुक्यात. उल्का पडून झालेलं विवर बघायला देशोदेशीचे लोक येतात, २०२० च्या जूनमधे सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर टीव्हीवालेही आले होते. आमच्या फाट्यावर मात्र कुणी थांबत नाही. सकाळी सातला क्रूझर आली. दहा जणांच्या गाडीत सतरा जण, टपावर जोड्यांचं पोतं, दोन चेंडू, सतरंजी आणि माझी बॅग. सोयाबीन टोंगळ्याला लागलं होतं, वावरावावरात डवरे चालू होते. दोन मुलींच्या आया तर निंदायला जाता जाताच फाट्यावर आल्या, कमरेला विळा खोचलेला. एकीनं मला बाजूला घेतलं.

“मॅडम, तिले संध्याकाळी दूध लागते. न्हाई भेटलं तं चालते. पन भेटलं तं पाहा.”

गाडीत मी सरांना हळूच विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय. सर उत्साहानं पुस्तकी भाषेत सुरू झाले आणि मला घाट लागल्यासारखं झालं. शेवटी मागून सात नंबर म्हणाली, “मॅडम, पंगतीत वाढपी याच्या आधीच पत्रावळीवर हात ठेवून बसलं, की लोक कसे पाह्यतात? तेच. पास सुटाच्या आधी शेवटच्या पोरीच्या मांग जाऊन उभं राह्यचं नाही.” 

“शेवटच्या म्हणजे गोलकीपरच्या?”

“तिले सोडून वो, मॅडम!” सगळी गाडी हसली. ड्रायव्हरभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ऑफसाइड येत होतं.

सात नंबर दहावीला आहे. इतिहासात तिला चाळीसपैकी अकरा मिळाले होते, हे मला गाडीत राहून राहून आठवत होतं.

मेहकरला बालाजीचं देऊळ बाहेरूनच हात जोडून ओलांडलं, चहा घेतला. चिखलीला पाऊस लागला तो बुलढाण्यापर्यंत सुटला नाही. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेवर आहे. तिथली हवा आमच्याकडच्यापेक्षा एका घोंगडीनं गार. मुली खिडक्या उघड्या ठेवून भिजल्या आणि मला पहिला निर्णय घ्यावा लागला, तो म्हणजे ओरडण्याचा.

दुपारी कागदपत्रं. इथे खेळाआधीचा सामना असतो आणि तो टेबलावर होतो. जन्मदाखला, आधार, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र. अकरा नंबरच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि रजिस्टरवर श्रावणातली. आधार काढताना कुणीतरी बोटाला आली ती तारीख टाकलेली. दोन्हींनी ती सतराच्या आतच बसत होती, पण टेबलापलीकडच्या साहेबांना दोन तारखा नको होत्या. “एक काहीतरी ठरवा मॅडम,” असं ते म्हणाले. मुलगी कधी जन्मली ते मी ठरवायचं! गावी फोन लावला, लिपिकाला शाळेत धाडलं, मूळ नोंदीचा फोटो मागवला, तो दोनदा धूसर आला. साडेपाचला सही झाली. तोवर अकरा नंबर दाराशी उभी होती, खाली बसली नाही. 

मुक्कामाला एका शाळेचा वर्ग दिला होता. बाकं सरकवून सतरंज्या टाकल्या. संडास मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आणि तिकडचा दिवा गेलेला. व्यवस्थापक म्हणजे काय ते मला रात्री अकरा वाजता कळलं. टॉर्च घेऊन मी पावसात सहा फेऱ्या मारल्या. नऊ नंबरची पाळी त्याच रात्री आली, चार दिवस आधी. माझ्या बॅगेत पुडकं होतं. तिनं विचारलं एकच, “सरायले सांगान काय?” नाही सांगितलं. सकाळी खेळायचं की नाही ते तुझं तू ठरव, म्हटलं. 

दूध मिळालं, पण ज्या मुलीसाठी आणलं तिनं ते वाटून टाकलं.

मंगळवार

नऊ शाळांची नावं होती, मैदानात आल्या सहा. शेतीची कामं, गाडीभाडं, कागदं, कारणं काय असतील ती. ड्रॉमधे, सरकारी भाषेत भाग्यपत्रिकेत, आम्हाला पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, मिळाली नाही, पण समोरचा संघ आमच्याहून कच्चा निघाला. २-०. दोन्ही गोल सात नंबरचे. नऊ नंबर पूर्ण वेळ खेळली.

दुपारचा सामना आठवतो तो जोड्यांमुळे. खेळाडू बदलायचा म्हणजे आमच्याकडे पायाचं मापही जुळावं लागतं. सहा नंबर लंगडायला लागली, तेरा नंबर आत जायची होती, दोघींचं माप पाच. सहा नंबर रेषेवर बसून जोडे काढते आहे, तेरा नंबर मोज्यांवर उभी, नाड्या चिखलात भिजून घट्ट झालेल्या आणि सर दातांनी गाठ सोडताहेत. पंच घड्याळ बघत होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, थांबले. त्या गृहस्थांचे मनापासून आभार. १-० नं जिंकलो. गोल कसा झाला ते मी पाहिलंच नाही, मी दुसऱ्या नाडीवर होते.

बुधवार

अंतिम सामना तालुक्याच्या गावातल्या एका मोठ्या शाळेशी. त्यांच्याकडे चौदा जोड स्टड आणि दोन पाण्याचे जार.

०-०. एवढं लिहून सामना संपवता येईल, कारण चेंडू बहुतेक वेळ डबक्यात थांबत होता आणि दोन्ही संघ त्याला बाहेर काढत होते. मग टायब्रेकर, गोलकीपरसमोर एकेकीनं मारायचे फटके. इथे आमच्या एक नंबरबद्दल सांगायला हवं. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तीही सुट्टीत जाते. ट्रक भरताना विटा फेकतात, दोन-दोन, आणि वरचा माणूस झेलतो. ती वरची. सर सांगतात, दोन वर्षांपूर्वी निवड करताना त्यांनी तिला गोलात उभं केलं तर ती चेंडू झेलून बाजूला रचून ठेवायला लागली.

तिनं दोन अडवले. तिसरा बारवर लागला. ३-२. मुली तिच्या अंगावर पडल्या आणि मी, वय वर्षं सेहेचाळीस, साडीचा काठ कमरेला खोचून मैदानात धावले. व्यवस्थापकानं पंचांच्या परवानगीशिवाय आत जायचं नसतं. ते मला नंतर कळलं.

जिल्ह्याचा चषक म्हणजे वीतभर उंचीचा, पितळी रंगाचा. जिंकलेल्या संघाला जेवण पंचायत समितीजवळच्या खानावळीत, सरांच्या खिशातून. मग ड्रायव्हरभाऊ म्हणाले, “चिखलीवरून देऊळगाव राजाकडून जाऊ. सिंदखेड राजा पडते रस्त्यात. पोरींनी जिजाऊंचं दर्शन घ्यावं.” रस्त्यात अजिबात पडत नाही, चांगला वळसा आहे. डिझेलचं मी बोलले नाही.

आता हा माझा प्रांत. राजवाड्याच्या दरवाजाशी मी मुलींना उभं केलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. १२ जानेवारी १५९८, लखुजी जाधवांची लेक इथे जन्मली. त्याच लखुजींना १६२९ साली देवगिरीला निजामशाहाच्या दरबारात मुलांसह दगा करून मारलं, त्यांची घुमटाची समाधी गावातच आहे. जिजाऊ तेव्हा पोटुशी. बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले. तो धडा मी वर्षानुवर्षं शिकवते, पण समोर भिजलेल्या ट्रॅकसूटमधल्या चौदा मुली असताना घसा कोरडा पडला.

सरांनी तिथे एक गोष्ट सांगितली, ती मला इतिहासाची शिक्षिका असून ठाऊक नव्हती. राज्याराज्यांच्या महिला संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९९१ पासून होते. पुरुषांची ‘संतोष ट्रॉफी’ सगळ्यांना माहीत. बायकांच्या स्पर्धेला किती वर्षं धड नावच नव्हतं, नुसतीच ‘सीनियर महिला राष्ट्रीय’. २०२३-२४ च्या हंगामापासून तिला नाव मिळालं, राजमाता जिजाबाई ट्रॉफी. त्या हंगामात मणिपूरनं अंतिम सामन्यात हरियाणाला हरवलं. मणिपूरनं ती वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. तमिळनाडूनं दोनदा त्यांची सद्दी मोडली, २०१८ ला आणि २०२३ ला.

“म्हंजे देशाचा कप आपल्या गावच्या बाईच्या नावाचा?” दहा नंबर म्हणाली. 

“हो.”

“मंग आपली टीम कोनती त्याच्यात? विदर्भ?”

विदर्भ नाही. क्रिकेटमधे विदर्भाचा संघ वेगळा आहे, रणजी तीनदा जिंकलेला. फुटबॉलमधे आपण महाराष्ट्रात. तिथे निवड व्हायची तर मुंबई, पुणे, कोल्हापूर ओलांडून जायचं. हे मी सांगितलं तेव्हा दहा नंबरनं मान हलवली, जसं काही मी दुकान बंद असल्याचं सांगितलं. नाव आमच्या मातीचं आणि खेळायला आमच्या मुली नाहीत, हे मला त्या दरवाजाशी टोचलं. अजूनही टोचतं. ड्रायव्हरभाऊंना विचाराल तर ते वेगळा विदर्भ मागतील. मी तेवढं मागत नाही, नऊच्या जागी चौदा जोड मागते.

एक खरं. नागपूरला विजय बारसे नावाच्या क्रीडा शिक्षकांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल उभं केलं, त्यातून मुलीही पुढे आल्या, परदेशात खेळून आल्या. म्हणजे विदर्भात होत नाही असं नाही. पण नागपूर आमच्यापासून लांब, आणि गावाला झोपडपट्टीएवढीही गर्दी नसते. अकरा मुली जमवायच्या तर तीन गावं धुंडावी लागतात.

सिंदखेड राजाहून दुसरबीड, बीबीकडे निघालो आणि रस्ताच थांबला. आषाढी होऊन पंधरा दिवस झाले होते, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतीच्या वाटेवर होती. दोन-दोनच्या रांगा, टाळ, पताका, पावसानं अंगाला चिकटलेले पांढरे सदरे. गाडी कडेला लावली, मुली उतरल्या. सात नंबरच्या हातात चषक तसाच. एका म्हाताऱ्या वारकरी बाईनं विचारलं, “हे काय वं माय?”

“कप हाय आजी. जितलो आमी.”

आजींनी तो हातात घेतला, आत डोकावून पाहिलं, रिकामा आहे म्हणून की काय कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर लाह्या-बत्तासे आत ओतले. मागून आणखी दोघींनी टाकले. चषक भरला. लोणार फाट्यापर्यंत आम्ही त्यातलं खात होतो, आणि लाह्या संपल्या तेव्हा तळाशी आजींची एक चिल्लर निघाली, पाच रुपयांची. ती कुणाच्या हातून पडली की मुद्दाम टाकली, यावर चौदा मतं पडली.

मधले दिवस

गावात सत्कार झाला. सरपंचांनी पाच जोड जोडे जाहीर केले, दोन आले. दोन आले हे खूप झालं. सराव निंदणाच्या वेळेनुसार सहाला सरकला. सात नंबरनं एका संध्याकाळी मोबाइल दाखवला, भारताच्या महिला संघानं २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं आणि आशिया चषकाची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तिनं ते दोन गोल इतक्यांदा पाहिले होते, की इंग्रजी समालोचनसुद्धा पाठ होतं, अर्थ न कळता.

अमरावतीला जायचा दिवस

विभाग म्हणजे पाच जिल्हे, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा, यवतमाळ, आणि अमरावती व अकोला या महानगरपालिकांचे वेगळे संघ. सात. तीन सामने जिंकले की राज्य. सर गाडीत हे तीन बोटं दाखवून सांगत होते. मी एकच बोट मोजत होते.

मेहकर, मालेगाव, शेलूबाजार, कारंजा. पाच तास म्हणून निघालो, सात लागले. कारंज्याच्या पुढे चाक बसलं, मुलींनी जॅक लावायला मदत केली आणि चाक निघेतो रस्त्याच्या कडेला पास-पास खेळल्या. तूर, कपाशी, मधे संत्र्यांचे बाग. आमच्याकडे संत्र्याची झाडं नाहीत, त्यामुळे हिरवी कच्ची संत्री बघून पाच नंबर म्हणाली, “लिंबू केवढाले!”

अमरावतीत संध्याकाळी मी त्यांना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखवायला नेलं. १९१४ चं. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी इथलं पथक जाऊन तिथे देशी खेळ दाखवून आलं होतं. मल्लखांबावर चढलेल्या पोरांकडे मुली बराच वेळ बघत राहिल्या. मग गिला वडा. दह्यात बुडालेला तो प्रकार एक नंबरला इतका आवडला, की मला सामन्याची काळजी वाटली. चौदा प्लेटा. माझ्या खर्चाच्या वहीत त्या ‘अल्पोपाहार’ म्हणून आहेत.

रात्री झोप कुणालाच नव्हती. दहा नंबर म्हणाली, “मॅडम, हिस्ट्री सांगा ना कोनती.” अठरा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा कुणी म्हणालं. मी बुधवारपासून वाचून ठेवलेलं होतंच.

इंग्लंडमधे पहिल्या महायुद्धाच्या वेळी पुरुष लढायला गेले, बाया तोफगोळ्यांच्या कारखान्यात लागल्या. प्रेस्टनच्या अशाच एका कारखान्यातल्या मुलींचा संघ, डिक, कर लेडीज. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानात त्यांचा सामना बघायला त्रेपन्न हजार लोक आले.

“त्रेपन्न हजार?” 

“त्रेपन्न हजार. आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला, की हा खेळ बायकांना शोभणारा नाही. आमच्या कुठल्याही क्लबानं त्यांना मैदान द्यायचं नाही.”

“मंग?”

“मग पन्नास वर्षं मैदान नाही. बागेत खेळल्या, कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर खेळल्या.”

वर्गात शांतता. तेरा नंबर म्हणाली, “आपल्याले तं हाय मैदान. डबकं हाय, पन हाय.”

मग १९७०-७१ चा हंगाम सांगितला. बंदी उठत आली आणि बायकांनी स्वतःची बादफेरीची स्पर्धा भरवली, एकाहत्तर संघ. ९ मे १९७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला अंतिम सामना, साउदम्पटननं स्कॉटलंडच्या स्ट्युअर्टन थिसलला ४-१ नं हरवलं. तीच आजची महिला एफए कप. आता तिच्यात चारशेवर संघ असतात. पहिल्या फेऱ्या कुठल्याकुठल्या चिखलाच्या मैदानात, नोकरी-धंदा करून खेळणाऱ्या बायकांच्या, मोठे क्लब नंतर येतात. पण नियम सगळ्यांना एकच, हरलं की घरी. अंतिम सामना आता वेम्ब्लीला होतो. २०२३ ला तिथे ७७,३९० लोक होते. आणि कोविडमुळे लांबलेला २०२०-२१ च्या हंगामाचा अंतिम सामना ज्या दिवशी ठेवला ती तारीख बघा, ५ डिसेंबर २०२१. बंदीला बरोबर शंभर वर्षं. चेल्सीनं आर्सेनलला ३-० नं हरवलं.

“त्याच तारखेले? मुद्दाम?” सात नंबर उठून बसली. मी म्हटलं, असं बघ, तारीख ठरवणारे तेच, ज्यांनी बंदी घातली होती. ती म्हणाली, “मंग माफी मागतली काय?” इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न मी टाकणार आहे. तिला अकराच्या वर द्यायला काहीतरी कारण हवं.

चेल्सीनं २०२५ चाही अंतिम सामना जिंकला, मँचेस्टर युनायटेडवर ३-०. त्याचे तुकडे मोबाइलवर बघता बघता रेंज गेली आणि सगळ्या झोपल्या.

सामन्याचा दिवस

समोर शहरातला संघ. त्यांची गोलकीपर हातमोजे घालून आली. आमच्या एक नंबरनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, विटांनी घट्टे पडलेले तळवे. मग तिनं ते ट्रॅकपँटला पुसले.

पहिल्या दहा मिनिटांत एक खाल्ला. त्यांच्या मुली धावत नव्हत्या, चेंडूला धावायला लावत होत्या. आमच्या अकराच्या अकरा चेंडूमागे, लग्नात बँडमागे पोरं जातात तशा. सर रेषेवरून ओरडून ओरडून बसले, मग मी ओरडायला लागले. “फैल, फैल जा!” हे मी म्हणाले, यावर माझाच विश्वास बसत नाही.

मध्यंतरानंतर गोल केला तो सात नंबरनं. नऊ नंबरनं डावीकडून चेंडू लांब टाकला, पास सुटेपर्यंत सात नंबर बरोबर शेवटच्या मुलीच्या रेषेत थांबली, मला ते स्पष्ट दिसलं, कारण मी आता तेच बघत होते. मग निघाली. हातमोजेवाली पुढे आली तेव्हा सात नंबरनं चेंडू तिच्या बाजूनं नुसता सरकवला. १-१. पंगत बसली होती, वाढपी आला होता, हात नंतर गेला.

मग तो दुसरा गोल. त्यांची उंच मुलगी पास सुटताना आमच्या शेवटच्या मुलीच्या पुढे होती, हातभर. रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर गेला नाही. बहुतेक त्यांच्या डोळ्यांत पाऊस गेला असेल. आमच्या मुली झेंड्याकडे बघत थांबल्या आणि तेवढ्यात चेंडू जाळीत. सर म्हणाले, शिट्टीशिवाय थांबायचं नसतं, चूक आपली. तिसरा गोल शेवटच्या मिनिटाला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

३-१.

रडल्या तिघीच. बाकीच्या जोडे काढून पोत्यात भरायला लागल्या. सर कागदं घ्यायला गेले, प्रमाणपत्रं मिळायला दुपार झाली. तोवर मुली पुढचा सामना बघत पायरीवर बसल्या. ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जोरात नाही, पण वाजवल्या. 

परतीला कारंज्यात जेवलो. वाशिम जिल्हा ओलांडेपर्यंत अंधार पडला. एक नंबर माझ्या खांद्यावर झोपली होती, तिच्या हातात कोरा कागद घट्ट धरलेला. हातमोजे कुठे मिळतात ते त्या मुलीला विचारून लिहून आणते म्हणाली होती. विचारायचं धाडस झालं नाही, कागद तसाच राहिला.

आमच्या फाट्याला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पाऊस बारीक. सात नंबरची आई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभी होती, मोबाइलचा उजेड पायाशी.

“हरल्या?”

“हाव.”

“कितीनं?”

“तीन-एक. एक माह्या.”

आईनं खोळ काढून तिच्या डोक्यावर दिली. “उद्या निंदाले दोन बाया कमी हायेत.”

“येतो.”

दोघी उजेडातून बाहेर गेल्या. क्रूझर निघाली. मागच्या सीटवर शेलूबाजारपासून दुसऱ्या गोलाचं भांडण चालू होतं, पाच जणी एका बाजूला, चार एका. ड्रायव्हरभाऊंनी विचारलं, “मॅडम, तुमाले काय वाटते?”

मी मागे वळले आणि सांगितलं, ऑफसाइडच होता तो.